गुणफलक बदलला की गॅमनची किंमत बदलते

मागे पडलेल्याने धोका पत्करावा आणि पुढे असलेल्याने सांभाळून खेळावं, हा सल्ला जवळजवळ प्रत्येक खेळात दिला जातो. बॅकगॅमनमध्येही तो वर्षानुवर्षं दिला गेला. पण या खेळाचा हिशेब गेल्या पन्नास वर्षांत इतक्या बारकाईने मांडला गेला आहे की हा सल्ला आकड्यांवर घासून पाहता येतो, आणि घासून पाहिल्यावर तो अर्धाच खरा निघतो. मागे पडलेल्याने कधी चढाई करावी आणि कधी अजिबात करू नये, हे तो किती मागे आहे यावरून ठरत नाही. सामना जिंकायला त्याला नेमके किती गुण हवेत आणि त्या गुणांत दुप्पट विजयाचा उपयोग होतो की तो वाया जातो, यावरून ते ठरतं. प्रतिस्पर्धी विजयापासून एका गुणावर असताना आपल्याला दोन गुण हवे असतील तर पहिल्याच चालीपासून हल्ल्याची तयारी करावी. तीन गुण हवे असतील, म्हणजे आपण आणखी मागे असू, तर ती तयारी सोडून द्यावी. ऐकताना हे उलटं वाटतं. पण ते सिद्ध करायला शाळेतल्या शेकडेवारीपलीकडचं गणित लागत नाही.

ज्यांना हा पट ओळखीचा नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. पटावर २४ त्रिकोणी घरं असतात, दोन्ही खेळाडूंकडे प्रत्येकी १५ सोंगट्या आणि दोन फासे. दोघे एकमेकांच्या विरुद्ध दिशेने सरकतात. प्रत्येकाने आपल्या सगळ्या सोंगट्या शेवटच्या सहा घरांत, म्हणजे स्वतःच्या अंगणात आणायच्या आणि मग तिथून पटाबाहेर काढायच्या. ज्याच्या सगळ्या आधी बाहेर तो जिंकला. एका घरात आपल्या दोन किंवा अधिक सोंगट्या असल्या की ते घर पक्कं होतं, प्रतिस्पर्ध्याला तिथे पाय ठेवता येत नाही. एकटी सोंगटी मात्र मारली जाते आणि तिला प्रतिस्पर्ध्याच्या अंगणातून पुन्हा पहिल्यापासून वाटचाल करावी लागते. सारीपाट माहीत असलेल्या मराठी वाचकाला हे फारसं परकं वाटणार नाही. बॅकगॅमनचा पूर्वज मानला जाणारा नर्द हा खेळ इराणचा. हिंदुस्थानच्या राजाने बुद्धिबळ पाठवून इराणी दरबाराला कोडं घातलं आणि तिथल्या बुझुर्गमिहर या वजिराने उत्तरादाखल नर्द रचला, अशी आख्यायिका मध्य-पर्शियन वाङ्मयात आहे. प्रत्येक खेळाडू घरं आपल्या बाजूने मोजतो: १ ते ६ हे अंगण, २४ हे सर्वांत दूरचं घर. सुरुवातीला प्रत्येकाच्या २४ वर दोन, १३ वर पाच, ८ वर तीन आणि ६ वर पाच सोंगट्या असतात. २४ वरच्या त्या दोन सोंगट्या प्रतिस्पर्ध्याच्या अंगणात अडकलेल्या असतात. पुढच्या साऱ्या चर्चेत त्या दोघींना महत्त्व आहे.

साधा विजय एका गुणाचा. पण हरणाऱ्याची एकही सोंगटी पटाबाहेर निघालेली नसताना डाव संपला तर तो गॅमन, त्याचे गुण दुप्पट. त्याहून वाईट अवस्थेत, म्हणजे हरणाऱ्याची सोंगटी जिंकणाऱ्याच्या अंगणात किंवा मार खाऊन पटावर परत येण्यासाठी अडकलेली असताना, तिप्पट. पण तसं क्वचित घडतं, म्हणून ते इथे बाजूला ठेवतो. १९२० च्या दशकात न्यूयॉर्कच्या क्लबांमध्ये या खेळात क्यूब आला. आपलं पारडं जड वाटलं की खेळाडू क्यूब फिरवून डावाची किंमत दुप्पट करतो. समोरच्याने एकतर डाव सोडून जुनी किंमत चुकवायची किंवा दुप्पट किमतीवर खेळायचं. दुप्पट मान्य करणाऱ्याच्या ताब्यात क्यूब जातो आणि पुढची दुप्पट करण्याचा हक्क फक्त त्याचा राहतो. स्पर्धेत डाव सुटे मोजत नाहीत. सामना सात, नऊ किंवा अकरा अशा ठरावीक गुणांचा असतो. सामन्यात एक महत्त्वाचा नियम लागू होतो, तो अमेरिकन ब्रिजपटू जॉन क्रॉफर्ड यांच्या नावाचा. ऑस्वाल्ड जेकोबी यांच्यासोबत त्यांनी १९७० मध्ये बॅकगॅमनवर एक गाजलेलं पुस्तकही लिहिलं. एखादा खेळाडू विजयापासून एका गुणावर पोहोचला की लगेचचा एक डाव क्यूबशिवाय खेळायचा, असा हा नियम. त्यानंतरच्या डावांत क्यूब परत येतो, आणि तेव्हा मागे असलेला खेळाडू पहिली संधी मिळताच तो फिरवतो, कारण त्याला गमावण्यासारखं काही उरलेलं नसतं.

आता मूळ प्रश्न. गॅमन किती वेळा होतो? क्यूब नसेल आणि प्रत्येक डाव शेवटपर्यंत खेळला गेला तर साधारण चारातला एक, संगणकांच्या हिशेबाने त्याहून किंचित जास्त डाव गॅमनमध्ये संपतात. क्यूब असताना हे प्रमाण प्रत्यक्षात बरंच खाली येतं, कारण ज्या डावांत गॅमनची शक्यता दाट असते ते डाव समोरचा दुप्पट नाकारून आधीच सोडून देतो. म्हणजे गॅमनचं प्रमाण हा काही निसर्गनियम नाही. डाव शेवटपर्यंत जातो का आणि दोघे कशासाठी खेळतात, यावर ते अवलंबून असतं. प्रमाणापेक्षाही महत्त्वाची आहे ती गॅमनची किंमत. पैशांवर सुटे डाव खेळताना ती ठरलेली असते. हरण्याऐवजी जिंकलात तर वजा एकवरून अधिक एकवर आलात, फरक दोनचा. साध्या विजयाऐवजी गॅमन झाला तर एक आणखी मिळाला. म्हणजे एका विजयाच्या फरकापुढे गॅमनची जादा कमाई निम्मी. गॅमनची किंमत अर्धी, असं याला म्हणू. पैशांचा खेळ खेळून तयार झालेल्या माणसाच्या हाताला हीच अर्धी किंमत लागलेली असते, आणि जुन्या पुस्तकांतल्या सुरुवातीच्या चालीही तिच्यावरच बेतलेल्या होत्या.

सामन्यात ही किंमत ठरलेली राहत नाही. सर्वांत सोपी स्थिती म्हणजे दोघांनाही एकच गुण हवा आहे. शेवटच्या चेंडूवर एक धाव हवी असताना षटकार मारला काय आणि चेंडू ढकलून एक धाव काढली काय, निकाल तोच. इथे गॅमनची किंमत शून्य. हरणाऱ्यालाही गॅमनची भीती नाही. म्हणून या स्थितीत एक चमत्कारिक गोष्ट संभवते: गॅमन कोणालाच नको असतो, पण तो टाळण्याचा प्रयत्नही कोणी करत नाही. हरत चाललेला खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या अंगणात दोन-दोन घरं धरून शेवटच्या माराची वाट पाहत बसतो. ती वाट फळली नाही तर त्याची सोंगटीही बाहेर निघत नाही. नोंदवहीत तो गॅमन दिसतो, पण त्या नोंदीवरून कोणी आक्रमक खेळलं असा निष्कर्ष काढणं चूक होईल. केवळ गॅमनची संख्या मोजून गुणफलकाचा परिणाम कळत नाही, असं मला वाटतं ते यामुळेच. किंमत आधी पाहायला हवी, संख्या नंतर.

दुसरी स्थिती अधिक बोलकी आहे. पुढे असलेल्याला एक गुण हवा आहे, मागे असलेल्याला दोन, आणि डाव क्रॉफर्डचा आहे, म्हणजे क्यूब नाही. मागचा हरला तर सामना संपला. साधा जिंकला तर दोघेही एका गुणावर, म्हणजे सामना निम्मा त्याचा, ५० टक्के. गॅमन केला तर सामनाच जिंकला, १०० टक्के. शून्यावरून ५० वर नेतो साधा विजय आणि ५० वरून १०० वर नेतो गॅमन. दोन्ही पायऱ्या सारख्या उंचीच्या. गॅमनची किंमत इथे पूर्ण एक आहे, पैशांच्या खेळातल्या किमतीच्या दुप्पट. याच आकड्यांतून आणखी एक गोष्ट निघते. मागचा खेळाडू निम्मे डाव जिंकतो आणि त्यातले साधारण २६ टक्के गॅमन असतात असं धरलं, तर त्याची सामना जिंकण्याची शक्यता होते ०.५ गुणिले (०.७४ गुणिले ५० अधिक ०.२६ गुणिले १००), म्हणजे साडेएकतीस टक्के. पुढच्याची साडेअडुसष्ट. किट वुल्सी या नामवंत अमेरिकन खेळाडूने तयार केलेल्या, अनेक वर्षं स्पर्धकांनी पाठ केलेल्या तक्त्यात या स्थितीला ७० टक्के दिले होते. नंतरच्या, संगणकाच्या मदतीने केलेल्या तक्त्यांत हा आकडा ६८ च्या आसपास आला. चार ओळींची आकडेमोड आणि हजारो डावांचा अनुभव एकमेकांच्या इतके जवळ येतात, तेव्हा पद्धतीवर विश्वास ठेवायला हरकत नाही.

आणि आता तिसरी स्थिती, जिथे सर्वमान्य सल्ला कोसळतो. पुढच्याला एक गुण हवा, मागच्याला तीन, डाव क्रॉफर्डचा. गॅमन केला तर मागच्याला एक गुण उरतो, सामना ५० टक्के. साधा जिंकला तर दोन गुण उरतात. पण पुढच्या डावात क्यूब परत आलेला असतो आणि मागचा तो पहिल्याच संधीला फिरवतो, त्यामुळे तो डाव दोन गुणांचा, म्हणजे दोघांसाठीही सामन्याचा निकाल लावणारा ठरतो. म्हणजे इथेही जवळजवळ ५० टक्केच. पुढच्याकडे एक छोटी सवलत उरते: सुरुवातीची दानं मागच्याला चांगली पडली असतील तर पुढचा दुप्पट नाकारून एक गुण देऊन टाकतो आणि दोघे एका गुणावर असताना नवा डाव सुरू करतो. या सवलतीमुळे मागच्याची शक्यता ५० वरून साधारण ४९ वर येते, बस. साधा विजय ४९, गॅमन ५०. गॅमनची कमाई एक टक्का. ज्या दुप्पट विजयासाठी दोन गुण हवे असलेला खेळाडू जिवाचं रान करेल, त्याच दुप्पट विजयाचं तीन गुण हवे असलेल्याला काही पडलेलं नसावं. हिशेब पुढे नेला तर एक लय दिसते. चार गुण हवे असतील तर साधा विजय त्याला साधारण साडेएकतीस टक्क्यांवर नेतो आणि गॅमन ४९ वर; किंमत पुन्हा अर्ध्याच्या थोडी वर. पाच हवे असतील तर पुन्हा जवळपास शून्य. क्रॉफर्डच्या डावात मागच्याला सम गुण हवे असतील तर गॅमन मोलाचा, विषम हवे असतील तर निरुपयोगी. नंतरच्या प्रत्येक डावात क्यूब दोनवर जातो आणि गुण दोन-दोनाने मिळतात, म्हणून ही सम-विषमाची लय निर्माण होते. विषम गुण हवे असणाऱ्याला एक गुण मिळाला की उरलेलं अंतर दोनाच्या पावलांनी नेमकं भरतं. गॅमनचा दुसरा गुण मिळाला तरी पुढचं एक पाऊलही त्यामुळे वाचत नाही.

पहिल्या चालीवर याचा परिणाम कसा होतो? सुरुवातीला दोघे एकेक फासा टाकतात आणि मोठा आकडा पडलेला ती दोन्ही दानं खेळतो, म्हणून पहिल्या चालीला जोडी पडत नाही. वेगवेगळी अशी १५ दानं उरतात. त्यातल्या काहींना गुणफलकाचं सोयरसुतक नाही. तीन-एक पडलं की ८ आणि ६ वरून एकेक सोंगटी ५ वर आणून ते घर पक्कं करायचं, चार-दोनला ४ चं घर, सहा-एकला ७ चं. ही घरं इतकी चांगली आहेत की जिंकणं आणि गॅमन दोन्ही त्यांतून वाढतात. मतभेद उरतो तो सहा-चार, दोन-एक, चार-तीन अशा दानांवर, जिथे पैशांच्या खेळात दोन-तीन चाली जवळजवळ सारख्या उतरतात. सहा-चार घ्या. एक चाल मागची सोंगटी २४ वरून सरळ १४ वर पळवण्याची. दुसरी, एक सोंगटी २४ वरून १८ वर आणि एक १३ वरून ९ वर आणण्याची. तिसरी, ८ आणि ६ वरून एकेक सोंगटी २ वर आणून ते घर पक्कं करण्याची. या तिसऱ्या चालीकडे पाहून एके काळी जाणकार नाक मुरडत: २ चं घर अंगणात फार खोल, तिथे गेलेल्या सोंगट्या पुढे अडवणुकीच्या कामी येत नाहीत. आक्षेप खरा आहे. पण अंगणातलं दुसरं घर पहिल्याच चालीत पक्कं झालं की प्रतिस्पर्ध्याच्या तिथल्या दोन सोंगट्यांवर हल्ला चढवता येतो, मार खाल्लेली सोंगटी आत यायला दोन घरं बंद मिळतात, आणि हल्ला साधला तर तो गॅमनपर्यंत जातो. फसला तर डाव हातून निसटतो. त्यामुळे दोन गुण हवे असलेल्या मागच्या खेळाडूसाठी हीच चाल योग्य ठरते, आणि दोघांनाही एकच गुण हवा असेल तर ती पहिल्या दोघींच्या मागे पडते. वर पाहिलं त्याप्रमाणे तीन गुण हवे असलेल्यालाही तिचं आकर्षण उरायला नको.

दोन-एकचं दानही असंच. एक चाल धिटाईची: १३ वरून ११ वर, आणि ६ वरून एक सोंगटी एकटीच ५ वर उतरवायची. पुढच्या दानात तिला जोड मिळाली तर अंगणातलं सर्वांत मोलाचं घर हाती येतं. पण प्रतिस्पर्ध्याला चार पडला, किंवा तीन-एक, एक-एक, दोन-दोन पडलं, तर ती मारली जाते. ३६ पैकी १५ दानं, म्हणजे जवळपास ४२ टक्के, आणि २० घरांची वाटचाल पाण्यात. दुसरी चाल शांत: १३ वरून ११ वर, आणि मागच्या दोन सोंगट्यांपैकी एक २४ वरून २३ वर सरकवायची. पहिलीत गॅमन करण्याची आणि स्वतःवर ओढवून घेण्याची, दोन्ही शक्यता जास्त. गॅमनने सामना जिंकणाऱ्याने पहिली खेळावी. गॅमनने सामना गमावणाऱ्याने, म्हणजे त्याच डावातल्या पुढच्या खेळाडूने, दुसरी. एकाच पटावर, एकाच डावात, तेच दान दोघांनी वेगळं खेळणं बरोबर, असं हे आहे. चार-तीनला १३ वरून दोन सोंगट्या खाली ९ आणि १० वर आणणं हे गॅमनसाठी खेळणाऱ्याचं काम, कारण त्यातून हल्ल्याला लागणारा दारूगोळा जवळ येतो. पुढच्याने मात्र मागची सोंगटी २० वर सरकवावी, कारण प्रतिस्पर्ध्याच्या अंगणात एक ठाणं पक्कं झालं की गॅमनचा धोका एकदम उतरतो. हरलो तरी गॅमनने हरायचं नाही, हे त्याचं निम्मं उद्दिष्ट असतं.

हे सगळं मनाने रचलेल्या एका उदाहरणात एकत्र पाहता येईल. समजा एका दानाच्या दोन चाली आहेत. शंभर डाव खेळले तर पहिलीत ५१ विजय मिळतात, त्यात १२ गॅमन. दुसरीत ४९ विजय, त्यात १५ गॅमन. आपण गॅमनने हरण्याची शक्यता दोन्हींत सारखी धरू. पैशांच्या खेळात पहिलीची कमाई ५१ वजा ४९ अधिक १२, म्हणजे १४, दुसरीची १३. पहिली किंचित चांगली. दोघांना एक गुण हवा असताना ५१ विरुद्ध ४९, पहिली उघडच चांगली. मागच्याला दोन गुण हवे असताना पहिली सामन्याची साडेएकतीस टक्के शक्यता देते आणि दुसरी ३२. आता दुसरी पुढे गेली. मागच्याला तीन हवे असताना पहिली २५.१ टक्के आणि दुसरी २४.२; पुन्हा पहिली, आणि यावेळी जास्त फरकाने. चाल तीच, पट तोच, दानं तीच. फक्त फलकावरचा आकडा दोनाचा तीन झाला आणि उत्तर उलटलं. तीन गुण हवे असताना धाडसी चाल खेळणाऱ्याने जवळजवळ एक टक्का सामना देऊन टाकला, आणि त्याबदल्यात त्याला काहीच मिळालं नाही.

हीच किंमत क्यूबच्या आडूनही प्रकट होते, आणि तिथे तिच्याकडे सर्रास दुर्लक्ष होतं. पुढच्याला दोन गुण हवेत, मागच्याला चार, आणि क्यूब मधोमध, म्हणजे अजून कोणाच्याच ताब्यात नाही. मागच्याने दुप्पट केली आणि पुढच्याने ती स्वीकारली तर काय? मागचा साधा जिंकला की दोघांनाही दोन गुण हवे, सामना निम्मा. गॅमन केला की चार गुण, सामना संपला. हरला तरी संपला. ० , ५०, १००: हे तर क्रॉफर्डच्या डावात दोन गुण हवे असलेल्याचंच गणित, एकही आकडा न बदलता. शिवाय पुढच्याच्या ताब्यात गेलेल्या क्यूबचा त्याला उपयोग नाही, कारण दोन गुणांत त्याचा सामना होतोच. म्हणून या गुणफलकावर जाणकार मागचा खेळाडू हल्ल्याची चाहूल लागताच, पैशांच्या खेळापेक्षा बराच आधी क्यूब फिरवतो, आणि जाणकार पुढचा खेळाडू बराच आधी डाव सोडतो. हे ठाऊक असेल तर डावाच्या पहिल्या चालीलाही अर्थ येतो: मागच्याने अशी चाल निवडावी जिच्यातून दोन-तीन दानांत हल्ल्याची स्थिती उभी राहील.

यावर पहिला आक्षेप असा येतो की सुरुवातीच्या चालींमधला फरक मुळातच इतका बारीक आहे की फाशांच्या गोंधळात तो दिसतही नाही. मग एवढा खटाटोप कशाला? फरक बारीक आहे हे मान्य. पण याच बारकाईने खेळाचा इतिहास एकदा बदलला आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आयबीएममधले संशोधक जेराल्ड टेसॉरो यांनी टीडी-गॅमन हा प्रोग्रॅम स्वतःशीच खेळवून शिकवला. एका आवृत्तीने असे पंधरा लाख डाव खेळले. त्या काळी दोन-एक, चार-एक आणि पाच-एकला ५ वर एकटी सोंगटी उतरवणं हा दिग्गजांचा शिरस्ता होता. प्रोग्रॅमने २४ वरून २३ वर सरकणं पसंत केलं, इतरांनी तपासलं, आणि थोड्याच वर्षांत शिरस्ता मोडला. पुढे हिशेब आणखी बारीक झाले तेव्हा दोन-एकला दोन्ही चाली पैशांच्या खेळात जवळपास बरोबरीच्या आहेत असं दिसलं. माझ्या मते या आक्षेपाचं उत्तर इथेच आहे. पैशांच्या खेळात बरोबरी असेल तर गॅमनच्या किमतीचा जरासा धक्काही निवड एका बाजूला झुकवतो, आणि तो जाणायला काही खर्च येत नाही. आणखी एक गोष्ट: किंमत पहिल्या चालीपुरती नसते, ती डावभर लागू राहते. पहिल्या चालीत अर्धा टक्का, हल्ला चढवायचा की नाही या निर्णयात त्याहून जास्त, ठाणं सोडायचं की धरायचं यात आणखी. असे दहा निर्णय एकाच चुकीच्या किमतीवर घेतले तर चूक दहा वेळा मोजली जाते.

दुसरा आक्षेप अधिक विचारी आहे. सामन्याच्या शक्यतांचा तक्ता काढताना आपण गॅमनचं प्रमाण २६ टक्के धरलं. पण तक्ता वाचून मागचा खेळाडू गॅमनसाठी खेळू लागला आणि पुढचा तो टाळू लागला, तर ते प्रमाण बदलणार. मग तक्ता बदलणार. मग डावपेच बदलणार. हे वर्तुळ नाही का? आहे. पण ते लवकर मिटतं. समजा मागच्याच्या जोरकस खेळाने गॅमनचं प्रमाण २६ वरून ३० झालं, आणि त्याची किंमत म्हणून शंभरात एक विजय गेला. पुन्हा हिशेब केला तर सामन्याची शक्यता साडेएकतीसऐवजी बत्तीसच्या आसपास येते. म्हणजे तक्ता फार तर अर्ध्या टक्क्याने हलतो. तरीही साध्या विजयाची किंमत ५० च राहते आणि गॅमनची १०० च, कारण ते आकडे गुणफलकातून आलेत, प्रमाणातून नाहीत. शून्य, अर्धा आणि एक या किमतींमधली दरी इतकी मोठी आहे की प्रमाणाच्या अंदाजात चार टक्क्यांची चूक झाली तरी निर्णय फिरत नाही. एक्सजी किंवा ग्नू बॅकगॅमनसारखे प्रोग्रॅम तर त्या डावातलं प्रमाण गृहीत धरतच नाहीत. सांगितल्यास ते तीच स्थिती त्याच गुणफलकावर हजारो वेळा खेळून सरासरी काढतात, आणि त्यांचंही उत्तर याच दिशेचं येतं.

तिसरा आक्षेप माणसांच्या बाजूने येतो. समोरचा यंत्र नाही, पुढे असताना त्याचे हात थरथरतात. मागच्याने धडाका लावला तर तो चुकेल, तेव्हा तीन गुण हवे असले तरी धाडस करावं. समोरच्याच्या स्वभावाचा विचार करू नये असं मी म्हणणार नाही. पण मग त्याला कुठल्या स्थितीत चुका होतात ते पाहून तशी स्थिती निर्माण करावी. तो गुंतागुंतीत गडबडत असेल तर डाव गुंतागुंतीचा करावा. गॅमनच्या मागे धावणं म्हणजे गुंतागुंत नव्हे. फुकट गेलेल्या गॅमनसाठी विजयाची शक्यता कमी करणं हे समोरच्याच्या भीतीवर खेळणं नसून स्वतःच्या निराशेवर खेळणं आहे. उलट बाजूने पाहिलं तर विषम गुणांची ही स्थिती मागच्याला दिलासा देणारी आहे: त्याला अचाट काही करायचं नाही, फक्त डाव जिंकायचा आहे, साध्यात साधा, आणि सामना जवळजवळ बरोबरीला येतो.

क्यूब मधे असलेल्या, मध्यावरच्या गुणफलकांवर हिशेब इतका स्वच्छ राहत नाही, हे सांगायला हवं. दोघांनाही सात-सात किंवा नऊ-नऊ गुण हवे असतील तर किंमत पैशांच्या खेळातल्या अर्ध्याच्या आसपासच राहते आणि सुरुवातीच्या चालीत फेरफार करण्याचं कारण नाही. दोघांना दोन-दोन हवे असतील तर क्यूब लवकर फिरतो, डाव सामन्याचा निकाल लावणारा बनतो, आणि गॅमनची किंमत शून्याकडे सरकते. तिथे शांत चाली बऱ्या. म्हणून पाठ करायची तर कोष्टकं पाठ करण्याची गरज नाही. प्रत्येक डावाआधी तीन आकडे मनात काढावेत: हा डाव हरलो तर सामना किती टक्के माझा, साधा जिंकलो तर किती, गॅमन केला तर किती. पहिल्या दोघांतलं अंतर आणि शेवटच्या दोघांतलं अंतर यांची तुलना केली की गॅमनची किंमत समोर येते.

ग्नू बॅकगॅमन हा प्रोग्रॅम फुकट मिळतो आणि त्यात गुणफलक हवा तसा मांडता येतो. सहा-चारचं दान घ्या, प्रतिस्पर्ध्याला एक गुण हवा असं ठेवा, डाव क्रॉफर्डचा ठेवा, आणि स्वतःला आधी दोन, मग तीन, मग चार गुण हवेत असं सांगून प्रत्येक वेळी त्याची चाल विचारा. माझ्या म्हणण्यावर विश्वास ठेवण्यापेक्षा हे पंधरा मिनिटांत स्वतः पडताळून पाहा.